नळी क्रमांक ३ : दोष तंतूचा नव्हे, खुंटीचा

दुर्बिणीच्या नळीसाठी पिचचा टो (डांबरासारख्या पिचपासून केलेल्या कार्बन तंतूंचा जुडगा) मँड्रेलवर, म्हणजे नळीला आकार देणाऱ्या दांड्यावर, गुंडाळताना जागोजागी तुटून कापसासारखा पिंजला जातो, असे मागच्या नोंदीत लिहिले होते आणि त्याचे खापर पुरवठादाराच्या माथी फोडले होते. ते मागे घेतो. पॅनचा (पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून केलेल्या कार्बन तंतूंचा) टो त्याच यंत्रावरून विनातक्रार जात असल्यामुळे यंत्र निर्दोष आहे असे मी गृहीत धरले आणि तीन आठवडे केवळ ताण कमी-जास्त करण्यात घालवले.

अखेर गणित मांडले. या पिचच्या तंतूचे ताणबल ३.७ गिगापास्कल आणि मॉड्युलस (ताठरपणाचे माप) ९३५ गिगापास्कल असल्याने तो जेमतेम ०.४ टक्के लांबून तुटतो. वाकताना तंतूची बाहेरची बाजू ताणली जाते; त्याची जाडी ११ मायक्रॉन धरली, तर सुमारे १.४ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत तो वाकूच शकत नाही, आणि माझ्या मार्गदर्शक खुंटीची त्रिज्या होती १ मिलिमीटर! ७ मायक्रॉनच्या, २ टक्के लांबणाऱ्या पॅनच्या तंतूला ०.२ मिलिमीटरही पुरते.

याचे मूळ घडणीत आहे. मेसोफेज (द्रव-स्फटिक अवस्थेतल्या) पिचमधील चकतीसारखे रेणू स्पिनरेटच्या, म्हणजे तंतू काढायच्या चाळणीच्या, छिद्रातून वाहतानाच अक्षाच्या दिशेने लागतात आणि पुढे २५०० अंशांवरच्या तापमानात त्यांचे मोठे, सलग ग्राफाइटचे थर बनतात. ताठरपणा येतो तो त्यामुळेच. पण असल्या सुबक थरांत चीर अडायला जागा राहत नाही, तर पॅनमधील लहान, चुरगळलेले, एकमेकांत गुंतलेले थर तिला अडवतात. सूक्ष्मदर्शकाखाली काही छेद तर भाकरीतला चतकोर काढून घ्यावा तसे दिसले: त्रिज्येच्या दिशेने लागलेले थर तापवताना आकसले की तंतू असा उकलतो.

खुंटीच्या जागी ४० मिलिमीटर व्यासाची नायलॉनची कप्पी बसवली आणि काल पहिल्यांदा सव्वा मीटर टो एकही तूस न उडवता गेला. तो गुळगुळीत काळा पट्टा मी बराच वेळ नुसता पाहत बसलो.

आता नळीच्या टोकांशी टो ज्यांना वळसा घालून परततो त्या खिळ्यांचा प्रश्न उरतो, कारण तेही बारीक वळणच. तिरपे थर पिचचेच द्यायचा बेत होता. मात्र हे लिहिता लिहिताच वाटते आहे की पिच केवळ अक्षाच्या दिशेने सरळ अंथरावा आणि वेढे पॅनचे द्यावेत. दाबाखाली पिचचा तंतू तसाही दुबळा असतो, आणि दुर्बिणीच्या नळीला मला हवा आहे तो ताठरपणा व तापमानानुसार न बदलणारी लांबी, जी अक्षीय तंतूच देतात. तेव्हा खिळ्यांची चकती कापण्याचे काम थांबवले आहे; आधी वीस सेंटिमीटरचा तुकडा करून पाहतो, आणि या वेळी मोटरचा ड्रायव्हर डब्यात बंद करून, कारण मागच्या वेळी उडालेल्या वीजवाहक तुसांनी तो शॉर्ट केला होता.