असिरगडावर अण्णांनी आधी पाणी शोधलं

आम्हा रावेरकरांना बुऱ्हाणपूर म्हणजे बाजार. लग्नाचा बस्ता, मावा जिलेबी, सगळं तिथलंच. त्याच्यापुढे वीसेक किलोमीटरवर, खंडव्याच्या रस्त्याला असिरगड. मशिदीचे दोन मिनार खालून दिसतात, तेवढीच काय ती इतकी वर्षं ओळख. दिवाळीनंतर केळीच्या कामातून सवड काढून अण्णांना घेऊन गेलो.

गाडी बरीच वर जाते. खालून मलयगड, मग कमरगड, माथ्यावर असिरगड, असे एकावर एक तट. नर्मदेकडून तापीकडे उतरणारी वाट इथून नजरेत राहते. म्हणूनच याला दख्खनचा दरवाजा म्हणायचे. आसा अहिराकडून हा किल्ला खान्देशचे सुलतान फारुकी, त्यांच्यातल्या नासीर खानानं घेतला. मेण्यांतून बायकांऐवजी सैनिक आत घातले, अशी गोष्ट सांगतात.

अण्णांना यातलं काहीच नको होतं. जन्म ठिबकच्या नळ्या तपासण्यात गेलेला माणूस. दरवाजातून आत शिरताच पहिला प्रश्न, "येवढ्या फौजेले पानी कोठून पुरत व्हतं, भो?" मग मशीद राहिली बाजूला, आम्ही टाकी शोधत फिरलो. मोठमोठी टाकी आहेत, पावसाच्या पाण्यावर भरणारी. एकीच्या काठावर बसून त्यांनी उतार कुठून कुठे आहे ते मला हात करून दाखवलं. पंचवीस एकराचा हिशोब करावा तसं.

मी त्यांना अकबराचा वेढा सांगितला. 1600 साली वेढा पडला, तोफांनी काही होईना. शेवटचा फारुकी बहादूरखान बोलणी करायला खाली उतरला आणि तिथंच अडकला. किल्ला जानेवारी 1601 मध्ये पडला. कोणी म्हणतं आत रोगराई पसरली, कोणी म्हणतं सोनं चारलं. अण्णांचा निकाल लगेच: "म्हनजे पानी व्हतं. मानसं फुटले." त्यानंतर अकबरानं मुलाच्या, दानियलच्या नावावरून खान्देशाचं 'दानदेश' केलं. ते काही टिकलं नाही, बरं झालं.

उदगीरच्या लढाईनंतर 1760 मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे. इंग्रजांनी 1803 मध्ये घेतला, परत दिला, 1819 मध्ये कायमचा घेतला. त्यांची कबरस्थानंही आहेत. महादेवाच्या देवळात अश्वत्थामा पहाटे फूल वाहून जातो म्हणतात. अण्णा म्हणाले, त्यालेही पानी लागतच असीन.

मला एक गोष्ट खटकते. आमच्या खान्देशच्या सुलतानांचा हा मुख्य किल्ला, पण आमच्या पोरांच्या सहलीच्या यादीत तो कधीच नसतो. मध्य प्रदेशात गेला म्हणून काय झालं? रावेरहून तो अजिंठ्यापेक्षा जवळ पडतो.

कळण्याच्या भाकरी आणि ठेचा मशिदीच्या सावलीत संपवला. जाणार असाल तर पाणी घरून न्या, आणि उन्हाळ्यात तर जाऊच नका. आता अण्णांनी थाळनेरचं काढलंय. फारुकींची पहिली गादी तिथली, थेट तापीच्या काठावर. म्हणजे पाण्याचा प्रश्नच नाही.