फळीवरची कवळी आणि माझा रिटेनर

मंगळवार, रात्री

आमच्या बेसिनवरच्या फळीवर सध्या दोघींचे दात नांदतात. आईंची, म्हणजे सासूबाईंची, कवळी स्टीलच्या वाटीत पाण्यात बुडालेली आणि शेजारी माझ्या रिटेनरची, म्हणजे तारा निघाल्यावर सरळ झालेले दात जागेवर राहावेत म्हणून दातांवर चढवायच्या साधनाची, निळी डबी. पाहुणे यायचे म्हटलं की ह्यांची ती फळी आवरायची घाई. आईंना त्याचं काही नाही. "असू दे रे, घरात दात आहेत हे कळू दे लोकांना," म्हणतात.

चाळिशीत दातांना तारा लावून घेतल्या तेव्हा ऑफिसात यथेच्छ चेष्टा झाली. तारा निघाल्या त्या दिवशी मी पेढे वाटले आणि सगळ्यांना वाटलं, सुटली बाई. रिटेनरबद्दल कुणीच विचारत नाही. तो दिसत नाही, मिरवताही येत नाही. तारा होत्या तेव्हा दर महिन्याला डॉक्टर खेचून-ताणून जे करायचं ते करत होते, मी नुसती तोंड उघडून बसायचे. आता रात्री दात घासून झाले की तो घातला की नाही हे माझ्याखेरीज कुणाला कळत नाही.

दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. तार ओढली की दात सरकतो तो त्याच्याच जोरावर. पण सरकल्यावर त्या तंतूंची नवी घडी बसायला तीन-चार महिने जातात. हिरडीतले तंतू त्याहून चिवट, आणि त्यातले लवचीक तंतू तर वर्ष उलटलं तरी दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. वळलेला दात सरळ केला असेल तर ही ओढ सगळ्यात जास्त. वरच्या डाव्या सुळ्याशेजारचा माझा दात असाच, दाराआडून डोकावणाऱ्या पोरासारखा तिरका होता. एखाद्या रात्री रिटेनर बसवताना दाब जाणवला तर तो नेमका तिथेच जाणवतो.

गुरुवार

आज सकाळी आईंनी पुन्हा विषय काढला. "अगं, रोज थंड पाण्यानं काय धुतेस? उकळत्या पाण्यात टाक एकदा. तुझ्या लेकाच्या बाटल्या नव्हतो का उकळत?"

माझा रिटेनर पारदर्शक आहे. प्लॅस्टिकचा पातळ पत्रा तापवून मऊ करायचा आणि दातांच्या साच्यावर हवा ओढून घट्ट बसवायचा, असा तो तयार होतो. जो उष्णतेनं घडला तो उष्णतेनं बिघडणारच. उकळतं पाणी लांबच राहिलं, सांगलीच्या मे महिन्यात बंद गाडीत डबी विसरली तरी पुरे. हे सांगितल्यावर आई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या कवळीसारखंच की. तीही वाकडी होते." त्यांना आधीपासून ठाऊक होतं, नुसती परीक्षा घेत होत्या.

टूथपेस्टही लावत नाही. तिच्या खरखरीनं प्लॅस्टिकवर चरे पडतात आणि मग त्या चऱ्यांत वास, जंतू, सगळे मुक्कामाला. मऊ ब्रश, साधं पाणी आणि साबणाचा एखादा थेंब एवढं बास. अधूनमधून आईंच्या पाकिटातली कवळीची फसफसणारी गोळी, अर्थात माझ्या वेगळ्या वाटीत. तो तोंडात असताना पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. चहा नाही, आणि हळदीचं दूध तर मुळीच नाही. सर्दी झाली म्हणून हट्टानं ते प्यायचंच असेल तर आधी प्यायचं, दात घासायचे, मग रिटेनर. हळद आपल्या कढईचा झारा सोडत नाही, ती याला सोडेल होय?

खालच्या दातांची तऱ्हा वेगळी. तिथे रिटेनर म्हणून आतल्या बाजूनं, एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत बारीक पिळाची तार चिकटवलेली आहे. घालायची-काढायची कटकट नाही म्हणून लोकांना ती सोयीची वाटते. मला तीच जास्त त्रासाची वाटते. लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच, जिभेखाली उघडतात, त्यामुळे कीट चढतं तेही आधी तिथेच. तारेच्या खालून दोरा ओवून प्रत्येक फट साफ करायची, म्हणजे चष्मा लावून आरशासमोर उभं राहायचं. शिवाय एखाद्या दातावरून ती सुटली तरी बाकीचे तिला धरून ठेवतात, पत्ताच लागत नाही, आणि सुटलेला दात आपल्या वाटेनं निघतो. परवा एका साखरपुड्यात जिभेला बारीकसं टोचलं. नखानं चाचपलं तर मधल्या दातावरचा, तार चिकटवायच्या मसाल्याचा ठिपका निघालेला. दुसऱ्या दिवशी जाऊन चिकटवून आले. चिक्की आणि कणीस आता तुकडे करून, दाढेनं.

रविवार

कोल्हापूरहून भाचीचा फोन. पुढच्या आठवड्यात तिच्या तारा निघणार. पहिला प्रश्न, "मावशी, रिटेनर किती दिवस घालायचा गं?"

सुरुवातीचे महिने जेवण आणि दात घासणं सोडून दिवसरात्र, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा फक्त रात्री. आणि रात्रीचा कधी थांबवायचा, तर दात सरळ हवेत तोवर. ती किंचाळली. मग समजावलं की खालचे पुढचे दात वयानुसार दाटी करतातच, ज्यांनी जन्मात तारा लावल्या नाहीत त्यांचेसुद्धा. अक्कलदाढेवर उगाच खापर फोडतात लोक.

तिला माझ्यासारखा पारदर्शक हवाय. मी तिला हॉली रिटेनरचाही विचार कर म्हटलं. टाळूला गुलाबी पट्टी, पुढून एक तार. चार्ल्स हॉली नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं शंभर वर्षांपूर्वी काढलेला हा नमुना अजून चालतोय, कारण टिकतो आणि थोडाफार वाकवून नीट करता येतो. पण ती बी.एड. करतेय, वर्गात बोलायचं असतं. टाळूवर पट्टी आली की सुरुवातीला स आणि श घसरतात, तोंडात लाळ सुटते. मोठ्यानं वाचन केलं की जीभ सरावते, पण ऐकेल तर ना.

तिला मेसेज करून ठेवलाय: लग्नकार्यात रिटेनर कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवायचा नाही, वाढपी ताटाबरोबर उचलून नेतात. डबी पर्समध्येच, आणि एक जादा डबी कॉलेजच्या बॅगेत. आणि डॉक्टरांकडून दातांचा साचा मागून घे, रिटेनर हरवला किंवा तुटला तर लगेच त्या साच्यावर दुसरा करता येतो. साच्यांचे पैसे आपण आधीच भरलेले असतात.