इकोव्हिलेजला जाताय? आधी संडास आणि सातबारा बघा

मी एका इकोव्हिलेजमध्ये, म्हणजे निसर्गाला धक्का न लावता एकत्र राहू पाहणाऱ्यांच्या वस्तीत, काही दिवस राहून आलो. सोलर पॅनेल, मातीची घरं, सामूहिक स्वयंपाकघर हे त्यांच्या फोटोत होतं आणि तिथेही आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण राहण्याजेवणाचे पूर्ण पैसे घेऊन वर रोज कामाची पाळी लावली, हे आधी कोणी बोललं नव्हतं. उलट काम केलं की सूट मिळते, असं कळवलं होतं. विचारलं तर म्हणे, 'हे तुमचं योगदान!'

माझ्या वाट्याला कंपोस्ट संडास आला. दर वापरानंतर कोरडा भुसा टाकायचा, म्हणजे वास मरतो आणि खत नीट कुजतं. पण भुशाचा ड्रम तळाला गेलेला, आणि तळाशी होता तो भिजून गोळा झालेला. बादल्या काठोकाठ. भुसा कोणी आणायचा यावर रात्री सभा. निर्णय एकमतानेच व्हायचा, एकाने मान हलवली नाही की विषय पुढच्या सभेत. एकमत चालतं, पण कोणी कशासाठी अडवायचं याचे नियम लिहिलेले असले तरच. इथे नव्हते. दुसऱ्या दिवशी बादल्या मीच उचलल्या, पाठ अजून धरलेली आहे.

या विषयावर लिहिणाऱ्या रॉबर्ट गिलमन यांनी १९९१ साली इकोव्हिलेजची व्याख्या केली, तिच्यात अनिश्चित काळ चालू राहता येणं ही अट आहे. ती सोलरने पुरी होत नाही. जमीन कोणाच्या नावावर, पैसा येतो कुठून, सोडून जाणाऱ्याच्या हातात काय पडतं, हे बघावं लागतं. अमेरिकेत व्हर्जिनियातली ट्विन ओक्स ही सामूहिक वस्ती १९६७ पासून उभी आहे. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं हॅमक (दोरीचे झुले) विणले, टोफू बनवला आणि मिळकत सामाईक ठेवली. उलट स्कॉटलंडमधल्या फिंडहॉर्न या इकोव्हिलेजमधल्या फिंडहॉर्न फाउंडेशन या संस्थेला २०२३ मध्ये आपले शिक्षणक्रम बंद करावे लागले. वस्ती मात्र राहिली, कारण ती तेवढ्यावरच उभी नव्हती.

मी गेलो तिथे जमीन एकाच कुटुंबाची आणि मिळकत आमच्यासारख्यांची. माझ्या मते ते गेस्ट हाउस आहे.

बाकीचे दिवस वाफ्यांत खुरपणी करण्यात बरे गेले.

जाणार असाल तर जाड हातमोजे न्या, कामाचे तास लेखी मागा, एका सभेला बसू द्या म्हणा. नाही म्हणाले तर बुकिंग करू नका. आणि अनामत कधी परत मिळणार हेही लिहून घ्या. माझी अजून आलेली नाही.