सांतियागोला जाताय? धुपाटण्याचं पॅकेज घेऊ नका

स्पेनमधल्या कामिनो या पायी तीर्थयात्रेत सारिया गावाहून सांतियागो दे कोम्पोस्तेलाचं कॅथेड्रल साधारण ११५ किलोमीटर. सह्याद्रीत चालणाऱ्यांना त्यात अवघड काही नाही. त्रास देतो तो ओ पेद्रोउसो गावापासूनचा शेवटचा टप्पा. विमानतळाला वळसा, डांबर, चढ, आणि मोन्ते दो गोसो टेकडीपासून शहरातली पाचेक किलोमीटर फरसबंदी. माझे तळपाय अक्षरशः सोलून निघाले. कडक सोलचे ट्रेकिंगचे बूट इथे नकोतच, मऊ तळव्याचे घ्या.

त्याहून जास्त राग आला तो पैशांचा. ‘धुपाटणं हमखास दाखवतो’ म्हणून एका सहलवाल्यानं आमच्याकडून दणकून पैसे घेतले. बोताफुमेइरो हे कॅथेड्रलमधलं पन्नास किलोंहून जड धुपाटणं मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेच्या वेळी आठ जण दोर ओढून झुलवतात, पण ठरावीक सणांना किंवा कोणी देणगी देऊन सांगितलं तरच. त्या दिवशी ते हललंही नाही. मिस्साला तिकीट नसतंच, त्यामुळे असलं पॅकेज म्हणजे शुद्ध लूट.

कॅथेड्रलसमोरच्या ओब्रादोइरो चौकात आलो आणि पाय दुखायचे थांबले! वास्तुकार फेर्नांदो दे कासास नोवोआनं १७३८ साली सुरू केलेली कॅथेड्रलची ही बरोक, म्हणजे भरगच्च सजावटीची दर्शनी भिंत १७५० मध्ये पुरी झाली. ग्रॅनाइटसारख्या हट्टी दगडात इतकं नाजूक काम मी कुठेच पाहिलेलं नाही. दक्षिणेचा मनोरा आधीचा. कासास नोवोआनं उत्तरेचा त्याला जोडीला शोभेल असा उभारला. मधोमध उंच काचा आहेत, त्या आत उजेड जावा म्हणून. बाकीचं चर्च बरंच जुनं, १०७५ मध्ये सुरू झालेलं, रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीतलं. बाहेरची श्रीमंती डोळ्यांत घेऊन आत गेलात तर साध्या, जाड कमानी पाहून गोंधळाल.

या भिंतीमागेच शिल्पकार मातेओचं ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’ हे जुनं कोरीव प्रवेशद्वार आहे. त्याच्या चौकटीवर ११८८ सालचा लेख आहे. नवी भिंत बांधताना हे पाडलं नाही, उलट त्याला ऊनपावसापासून आडोसा मिळाला. कमानीवर बायबलमधले चोवीस वृद्ध वाद्यं घेऊन बसलेत. कितीतरी चेहऱ्यांवर रंग अजून शाबूत आहे. याचं तिकीट वेगळं, वेळ ठरवून मिळतं. आधीच ऑनलाइन काढा. पैसे खर्चायचे तर इथेच. पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत, ती आधी लॉकरमध्ये टाका.

भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून फोटो संध्याकाळी काढा. आणि २५ जुलै हा सांतियागोचा, म्हणजे संत याकोबाचा सण रविवारी येत असल्यानं २०२७ हे पवित्र वर्ष आहे. तेव्हा जाणार असाल तर मुक्काम बराच आधी ठरवा.