चार वर्षांनी पुरी झालेली गोधडी

आजीच्या दोन नऊवारी लुगड्यांची गोधडी मी यंदाच्या पौषात, तब्बल ४ वर्षांनी पुरी केली. लुगड्याचे ३-३ वारांचे तुकडे करून त्यांतले दोन शेजारी शेजारी जोडले, की गोधडीची एक बाजू तयार होते. मध्ये आजोबांच्या जुन्या धोतरांचे थर घातले, कारण वारंवार धुतलेले सुती कापड मऊ पडते आणि त्यातून सुई सहज जाते.

काम अडले ते माझ्या घाईमुळे. कडेपासून धावदोरा घालत, चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे यायचे आणि प्रत्येक फेरीला तळहाताने कापड सारखे करायचे, ही आमच्या घरची रीत. मी मात्र टाके ओढून घेतले आणि मधोमध मोठी चुणी जमली. उसवण्याचे धैर्य होईना, म्हणून गोधडी ट्रंकेत गेली.

या हिवाळ्यात सातपुड्याकडून गार वारे सुटले, तेव्हा आईनेच ती काढून ओट्यावर पसरली आणि आतल्या ९ फेऱ्या तेवढ्या उसवायला सांगितल्या. दोऱ्याला मेण लावून मी बसले. जुन्या टाक्यांची छिद्रे कापडात तशीच दिसत होती. त्यांच्या किंचित बाजूने, तांदळाच्या दाण्याएवढे नवे टाके घालताना हात असे रमले, की शेवटच्या फेऱ्या मोजायच्याच राहिल्या.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, पण तेव्हाही ही गोधडी ट्रंकेत जाणार नाही. रात्री गच्चीवर अंथरायला तिच्याइतके मऊ दुसरे काही नाही.