भट्टीतून आलेली कमान

साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारा मोटेच्या विहिरीवर गेलो की तिच्या काळ्या दगडाच्या कमानीखाली मी नेहमी थोडा वेळ उभा राहतो. शके १६४१ ते १६४६ या काळात बांधलेल्या या विहिरीच्या कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटतो आणि तो रेटा शेवटी बाजूच्या जाड भिंतींत जिरतो. सांध्यांवरून हात फिरवला की दगड खालच्या अंगाला किती बेताने निमुळते घडवले आहेत, ते बोटांनाच कळते. गेले काही महिने मी चीनमधील अलीकडच्या कमानछतांच्या इमारतींचे आराखडे आणि छायाचित्रे पाहत आहे. आणि त्या प्रत्येक इमारतीत मी हाच रेटा शोधतो.

तो मला सर्वांत स्पष्ट दिसला तो जिंगदेझेन येथील शाही भट्टी संग्रहालयात. जिआंगशी प्रांतातील हे शहर शतकानुशतके चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि मिंग व चिंग राजवटींच्या दरबाराची भांडी जिथे भाजली जात, त्या भट्ट्यांच्या अवशेषांशेजारीच वास्तुरचनाकार झू पेई यांनी २०२० मध्ये हे संग्रहालय पूर्ण केले. विटांची लांबच लांब कमानछते एकमेकांशेजारी पहुडलेली आहेत, परंतु कोणत्याही दोहोंची लांबी, रुंदी आणि वळण सारखे नाही. हा आकार तेथील जुन्या भट्ट्यांचा आहे. त्या भट्ट्या बांधणारे गवंडी खाली आधाराचा सांगाडा न उभारता, केवळ हाताच्या अंदाजाने वीट पुढे सरकवत छत मिटवत असत.

विटांची कथा तर मला आकाराहूनही मोलाची वाटते. उष्णता नीट धरून ठेवावी म्हणून भट्टी दर दोन-तीन वर्षांनी पाडून नव्याने बांधावी लागे, आणि निघालेल्या विटा गावातील घरांत, गल्ल्यांच्या फरसबंदीत जात. हिवाळ्यात शाळेला निघालेली मुले भट्टीवरची गरम वीट दप्तरात घालून नेत आणि दिवसभर तिची ऊब घेत, असे झू पेई सांगतात. संग्रहालयाच्या कमानींत अशा जुन्या विटा नव्या विटांबरोबर मिसळून वापरल्या आहेत. आपल्याकडे जास्त भाजून काळी, काचेसारखी झालेली खंगर वीट पायात किंवा भरावात टाकली जाते. तशाच आगीने रंग बदललेल्या विटा तिथे दर्शनी भिंतीत मानाने बसवल्या आहेत, हे पाहून मला मनापासून आनंद झाला.

येथे एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. या कमानी निव्वळ विटांच्या नाहीत. विटांच्या दोन थरांमध्ये काँक्रीट ओतलेले आहे. मग हिला विटेची कमान म्हणावे काय? आमचा जिल्हा कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर येथे घर बांधणाऱ्याला हे सांगावे लागत नाही की वीट दाब कितीही सोसते, पण ताण सोसत नाही. म्हणून ते काँक्रीट मला फसवणूक वाटत नाही. आतल्या थराने ओतकामाला आकार द्यायचा आणि पुढे तोच थर खोलीचे छत म्हणून कायम दिसत राहायचा, यात वीट नुसती शोभेला चिकटवलेली राहत नाही.

शांघायच्या लाँग म्युझियमची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. आतेलिए देशाउस या संस्थेने रचलेली ही इमारत २०१४ मध्ये खुली झाली. हुआंगपू नदीकाठच्या या जागी पूर्वी कोळशाचा धक्का होता, आणि कोळसा उतरवण्याचा सुमारे ११० मीटर लांबीचा काँक्रीटचा जुना सांगाडा आजही इमारतीच्या मधोमध जपलेला आहे. येथील छत दुरून कमानीसारखे दिसते, पण त्यात कमानीचा रेटा नाही. भिंत वर जाऊन छत्रीसारखी बाहेर वळते आणि समोरून आलेल्या छत्रीला न टेकता अधांतरी थांबते. मधल्या फटीतून उजेड खाली येतो. या दुहेरी भिंतींच्या पोकळीतच यंत्रणांच्या नळ्या दडवल्या आहेत. गिलावा न केलेल्या काँक्रीटवर शटरिंगच्या फळ्यांचे सांधे आणि बोल्टची भोके उघडी आहेत. रचना म्हणून मी तिला दाद देतो. कमान म्हणून मात्र मी जिंगदेझेनच्याच बाजूने उभा राहीन.

विटेचे कमानछत चीनला नवे नाही, हेही नमूद करायला हवे. नानजिंगच्या लिंगू मंदिरातील मिंगकालीन सभागृहात लाकडाची एकही तुळई नाही, सारा भार विटेच्या कमानींवर आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडील एका वयस्क गवंड्यांना मी या कमानींची छायाचित्रे दाखवली. त्यांनी जिंगदेझेनचे छायाचित्र बराच वेळ हातात धरले, बोटाने विटांच्या ओळी मोजल्या आणि विचारले, "साहेब, सेंटरिंग न लावता एवढी पोकळी मिटवायची, तर दोन्ही बाजूंचे गवंडी एकाच चालीने वर येत असतील ना?" आता पावसाळा सरल्यावर आम्ही दोघे मिळून अंगणात सहा फुटांची एक कमान रचून पाहणार आहोत. भट्टीवरून विटा आणताना थोड्या खंगर विटाही मागवल्या आहेत.