निधी नेमका कोणत्या लेखाशीर्षातला?

वाडीच्या रस्त्याच्या काँक्रिटीकरणाची बातमी भूमिपूजनाच्या छायाचित्रांसह गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होती. पैसा कुठून आला, हे मात्र आजच्या ग्रामसभेत कळले. ग्रामसेवकांनी सांगितले की हे काम ‘२५१५’ या लेखाशीर्षातील (सरकारी हिशेबातील खर्चाच्या खात्यातील) आहे, म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचविलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी राज्याचा ग्रामविकास विभाग जो निधी देतो, त्यातून ते मंजूर झाले आहे. स्मशानभूमीच्या शेडसाठी जनसुविधा अनुदानाचा (ग्रामपंचायतींना अशा सोयींसाठी मिळणाऱ्या राज्याच्या वेगळ्या अनुदानाचा) प्रस्ताव जाणार आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी केंद्राचा असून त्यातील ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली असल्याने ती रस्त्याकडे वळवता येत नाही. (फलकावर कोणाचे नाव आधी, ही चर्चा याहून अधिक वेळ चालली, हे वेगळे सांगायला नको.)

माझ्या मते स्थानिक वार्ताहरांनी उपस्थित मान्यवरांची यादी छापण्याऐवजी मंजूर रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख आणि दोषदायित्वाचा कालावधी (ज्या मुदतीत कामातील दोष कंत्राटदारानेच दूर करायचे असतात ती मुदत) एवढे जरी छापले, तरी पावसाळ्यानंतर रस्ता उखडल्यास दुरुस्ती कंत्राटदाराच्याच खर्चाने करून मागता येईल. आम्ही काही जणांनी त्या आदेशाची प्रत लेखी मागितली आहे.